बाण सुटल्यावर

धाटाव म्हटलं की आज कुंडलिकेकाठचे रासायनिक कारखाने आठवतात. पण याच रोहे तालुक्याची एक कड मुरूडच्या डोंगरांना भिडते, आणि तिथं फणसाडचं रान आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं हे राखीव शिकारीचं रान. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, 1986 मध्ये रानाचं अभयारण्य झालं. नवाब, त्यांचे पाहुणे, बंदुका, हाके घालणारी माणसं यांचा इतिहास सांगता येतो. ज्याच्या मागं सगळे लागले त्या सांबरालाही इतिहास असतो, असं मला वाटतं.

बंदुकीच्या आधी धनुष्य होतं. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानं बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मृगयेवर स्वतंत्र प्रकरण आहे, पाळीव हरीण पुढं करून रानातलं हरीण जवळ आणायची युक्तीही त्यात आहे. इकडं डोंगरात कातकऱ्यांच्या हाती तीरकामठा होता. राजाला ती करमणूक होती, कातकऱ्याला ते रात्रीचं जेवण.

आता बाण सुटला की काय होतं पाहा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. साध्या धनुष्याचा बाण धरा 50 मीटर. जनावर 30 मीटरवर असेल तर दोरीचा टणत्कार त्याच्या कानी एक दशांश सेकंदाच्या आत पोचतो, बाणाला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. तेवढ्यात हरणकुळातलं जनावर उडीसाठी पाय दुमडून खाली दबतं, आणि बाण पाठीवरून निघून जातो. हे ठरवून केलेलं नसतं. घाबरलेल्या अंगाची ती रीत आहे.

पण पुढचं वागणं मात्र जनावराला काय कळलं यावर असतं. सांबराचे कान आणि नाक तिखट, स्थिर उभा माणूस त्याला चटकन दिसत नाही. नुसती हालचाल जाणवली तर ते जागीच थिजतं, पुढचा पाय आपटतं, शेपूट उभारतं आणि ‘ढांक’ असा खणखणीत आवाज देतं. एकदा, पुन्हा एकदा. थोडं पळून थांबतं, मागं वळून बघतं. माणसाचा वास आला तर मात्र थांबणं नाही. ते डोंगराची सोंड ओलांडून जातं.

उर्दूची मंडळी सांगतात, घायाळ हरणाच्या आर्त हाकेवरून ‘गझल’ हे नाव पडलं. व्युत्पत्तीला ते मान्य होईलसं नाही, कवीला मात्र आवडतं. पण ही कल्पना ज्याला सुचली त्यानं सांबर ऐकलं नसावं. सांबर विव्हळत नाही, ते सगळ्या रानाला खबर देतं.

ही खबर वर्षानुवर्षं साठत जाते. सांबराच्याच कुळातला, उत्तर अमेरिकेतला मोठा मृग म्हणजे एल्क. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात त्याच्या माद्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे घालून अभ्यास झाला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. वय वाढेल तशा माद्या हालचाल कमी करतात. धनुष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की दाट झाडी आणि चढाचा आसरा घेतात, कारण बाणवाल्याला जवळ यावं लागतं. दहा वर्षांच्या आसपास पोचलेली मादी शिकाऱ्याला जवळजवळ सापडतच नाही. भित्रं म्हणून आपण ज्याला हिणवतो ते इथं शहाणपण आहे. जी धीट होती ती मेली.

सांबर दिवसा लपतं, रात्री चरतं. माणसाचा त्रास असेल तिथं हे अधिकच. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं नवाबी शिकार आणि कातकऱ्याचा तीरकामठा एकाच कलमाखाली आणले. कायदा हवाच होता, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण हौसेला दुसरी करमणूक मिळाली. कातकऱ्याच्या चुलीचं काय, हा प्रश्न मात्र त्या कलमात नाही.

फणसाडमध्ये जिवंत पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री गणनेसाठी माणसं मचाणावर वही घेऊन बसतात. सांबर येतं, पण झाडीच्या कडेला बराच वेळ उभं राहतं, वाऱ्यावर नाक धरून. मग पाण्याला तोंड लावतं.