कीर्द कोणाची, वाचणार कोण?

आजचा विषय हिशेबाच्या वहीचा आहे. फरक एवढाच, की ही वही क्रिप्टोच्या बाजारातली आहे आणि ती वाचणारा माणूस नाही. एआय एजंटांना क्रिप्टोच्या सौद्यांचा इतिहास काढून देणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्याची माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम सध्या मी करतोय. त्या निमित्ताने या नोंदींचा इतिहास नव्याने चाळला, तोच आज सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. बिटकॉइनचा पहिला ब्लॉक 3 जानेवारी 2009 चा. ही खातेवही सगळ्या जगाला खुली आहे. त्यामुळे अनेकांना वाटतं, की प्रत्येक खरेदी-विक्री तिथे सापडेलच. तसं नाही. तुम्ही एक्स्चेंजवर सौदा करता, तेव्हा तो बहुतेक वेळा त्या कंपनीच्या स्वतःच्या डेटाबेसमध्येच नोंदला जातो. ब्लॉकचेनवर दिसतं ते फक्त नाणी आत आल्याचं आणि बाहेर गेल्याचं. म्हणजे खतावणी चव्हाट्यावर, पण रोजची कीर्द दुकानदाराच्या कपाटात!

ते कपाट एकदा उघडं पडलं. टोकियोचं माउंट गॉक्स हे एके काळचं सर्वांत मोठं बिटकॉइन एक्स्चेंज फेब्रुवारी 2014 मध्ये बंद पडलं. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं; त्यातले सुमारे दोन लाख पुढे सापडले. काही दिवसांतच त्याच्या सौद्यांच्या नोंदी इंटरनेटवर फुटल्या. एप्रिल 2011 ते नोव्हेंबर 2013 या काळातले सुमारे 1 कोटी 80 लाख सौदे त्यात होते.

नील गंडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की 2013 च्या अखेरीस दोन महिन्यांत भाव 150 डॉलरांवरून हजारावर गेला, त्यामागे बहुधा संशयास्पद खरेदी होती. ही खरेदी पकडली कशी? एका खात्याच्या शुल्काच्या रकान्यात काहीच नव्हतं. दुसरीकडे 49 खाती होती, ती एकामागून एक ठरावीक 25 लाख डॉलरांची खरेदी करून थांबत होती. कुणी कबुली दिली म्हणून नव्हे, रकान्यांमुळे हे कळलं. 2019 मध्ये टोकियोच्या न्यायालयाने कंपनीचे प्रमुख मार्क कार्पेलेस यांना अपहाराच्या आरोपातून मुक्त केलं, पण इलेक्ट्रॉनिक नोंदींत फेरफार केल्याबद्दल दोषी ठरवलं.

आता भारतात येऊ. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. 2022 च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर 30 टक्के कर आणला. वजावट फक्त खरेदीच्या किमतीची. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही.

याचा अर्थ साध्या आकड्यांत बघा. 2,00,000 रुपयांना घेतलं, 2,20,000 ला विकलं. नफा 20,000, कर 6,000, उपकर वेगळा. पण खरेदीची ती एक नोंद हाती आलीच नाही, तर सगळी विक्रीच नफा दिसते आणि कर होतो 66,000.

इथे आपला एजंट येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. साधनाचं नाव, वर्णन आणि त्याला काय माहिती द्यायची, एवढं लिहून दिलं की एजंट ते वापरू शकतो. एजंटाच्या दृष्टीने ते वर्णन म्हणजेच साधन. माणसाला शंका आली तर तो फोन करून विचारतो. एजंट वर्णनात नसलेली गोष्ट गृहीत धरतो आणि ठामपणे बेरीज करून मोकळा होतो.

बायनान्सचं उदाहरण घ्या. हजर बाजारातले स्वतःचे सौदे मागितले, तर मर्यादा न सांगितल्यास 500 मिळतात, जास्तीत जास्त 1000. नाण्यांची प्रत्येक जोडी वेगळी मागावी लागते. तुमचे 700 सौदे असतील, तर उरलेले 200 आले नाहीत म्हणून कुठलीही चूक दाखवली जात नाही. म्हणून पुस्तिकेत मी पहिलंच वाक्य लिहिलं: ‘मर्यादेइतके सौदे आले, तर आणखी असतील असं समजा आणि पुढचे मागा.’

दुसरी गोष्ट वेळेची. नोंदीतली वेळ जागतिक वेळेनुसार असते, आपण साडेपाच तास पुढे. तिथे 31 मार्चची रात्रीचे आठ, म्हणजे आपल्याकडे 1 एप्रिलची पहाटेचा दीड. आर्थिक वर्षच बदललं! तिसरी शुल्काची: ते कोणत्या नाण्यात कापलं, याचा रकाना वेगळा असतो. आणि चौथी सुरक्षेची: एजंटाला दिलेली किल्ली फक्त वाचण्यापुरती असावी, सौदा करण्याची किंवा पैसे काढण्याची नको.

माउंट गॉक्सच्या नोंदींनी एक शिकवलं: कीर्द खरं बोलते, पण रकान्याचा अर्थ माहीत असलेल्यालाच ते कळतं. तो अर्थ लिहून ठेवणं हे कंटाळवाणं काम वाटेल, पण 6,000 आणि 66,000 मधलं अंतर त्यातच आहे. तेव्हा मंडळी, आपल्या सौद्यांची पूर्ण यादी आजच उतरवून घ्या. एक्स्चेंज बंद पडल्यावर कपाटाची किल्ली मागायची कुणाकडे? भेटू पुढच्या भागात.