हुकूम न देता: बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे, १७१४

बाळाजी विश्वनाथांची एक गोष्ट जुन्या इतिहासांत सापडते. घोडा दौडू लागला की त्यांना सावरायला दोन्ही बाजूंनी एकेक माणूस लागे म्हणतात. ज्या काळात माणसाची किंमत त्याच्या मांडीखालच्या घोड्यावरून व्हायची, त्या काळातली ही थट्टा आहे. आणि हाच माणूस नोव्हेंबर १७१३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला पेशवा झाला.

बाजीरावांवर आपण रात्र रात्र बोलतो. पालखेडचे नकाशे मीही अनेकदा फळ्यावर काढले आहेत. त्यांच्या वडिलांचं नाव मात्र आपण घाईघाईत घेऊन पुढे जातो. मागे एका तरुण अधिकाऱ्याने मला विचारलं होतं, "सर, आपल्या हाताखाली नसलेल्या माणसाकडून काम कसं करून घ्यायचं?" पलटणीत हा प्रश्न कमी पडतो, कारण तिथे अधिकार खांद्यावर असतो. पुरात बचावकार्याला जिल्ह्यात गेलात की तो पडतो. नावा एकाच्या, डिझेल दुसऱ्याचं, धान्य तिसऱ्याचं, आणि तुमच्या हुकमाखाली यांतलं कोणीच नाही. त्याला मी जे उत्तर दिलं, तेच आज जरा सविस्तर सांगतो.

बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे. देशमुखी घरात होती, पण वर सत्ता जंजिऱ्याच्या सिद्दीची. कोकण सोडून ते घाटावर आले आणि सेनापती धनाजी जाधवांच्या पदरी वसुलीच्या कामात शिरले. लढवय्यांच्या गर्दीत हिशेबाचा माणूस! पण कोणत्या परगण्याचा वसूल किती, तो कोणाकडे अडकलाय, कोणत्या सरदारावर कोणत्या सावकाराचं देणं आहे, हे त्या दप्तरातून जेवढं कळतं तेवढं रणांगणावरून कळत नाही. पलटणीतला जुना हेड क्लार्क ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे समजावून सांगायला नको.

औरंगजेब गेला आणि १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. गादीवर ताराबाईंचा हक्क की शाहूंचा, यावरून मराठे दुभंगले. भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा धनाजी शाहूंकडे गेले. त्यांचं मन वळवण्यात बाळाजीपंतांचा हात होता असं सांगतात. पुढे धनाजी वारले. त्यांचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला, पण त्याला हा कारकून डोळ्यासमोर नको होता. १७११ मध्ये एका हरणाच्या शिकारीवरून तंटा पेटला आणि बाळाजीपंतांना जीव घेऊन पळावं लागलं. चंद्रसेन शाहूंना सोडून गेला. जाताना फौजही गेली. तेव्हा शाहूंनी बाळाजीपंतांना 'सेनाकर्ते' हा किताब दिला. खजिना रिकामा होता. सैन्य उभं राहिलं ते सावकारांच्या पैशावर, आणि सावकारांनी पैसा दिला तो या माणसाच्या शब्दावर. घोड्यावर न टिकणारा माणूस घोडदळ उभं करत होता.

आता कान्होजी आंग्रे. हे ताराबाईंच्या पक्षाचे. सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. इंग्रज आणि पोर्तुगीज दोघेही त्यांना वचकून असत. १७१३ मध्ये ते घाट चढून आले, लोहगड आणि राजमाची घेतले. शाहूंनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना पाठवलं. कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं! साताऱ्यावर चालून येणार अशी आवई उठली.

अशा वेळी बाळाजीपंतांना पेशवेपद मिळालं. मी त्यांच्या जागी स्वतःला उभं करून पाहतो. आधीचा पेशवा कैदेत, फौज नवी, समोरचा जिंकत आलेला. धमकी द्यावी तर पोकळ. लाच द्यावी तर कान्होजींकडे काय कमी होतं?

पण कोकणात वाढलेल्या या माणसाला कान्होजींची दुखरी जागा ठाऊक होती. समुद्रावरच्या माणसाला पाठीमागची जमीन शांत लागते. समोर मुंबईकर इंग्रज, बाजूला पोर्तुगीज, दक्षिणेला सिद्दी, आणि त्यात घाटावरचा छत्रपती वैरी, अशा चौघांशी कोणतंही आरमार फार दिवस लढू शकत नाही. घाटावरून येणारं संकट मिटवणं कान्होजींच्या हातात नव्हतं. ते बाळाजीपंतांच्या हातात होतं.

१७१४ मध्ये तह झाला. कान्होजींनी ताराबाईंचा पक्ष सोडून शाहूंना छत्रपती मानलं, बहिरोपंतांना सोडलं, राजमाची ठेवून घेतलेली बाकीची ठाणी परत केली. बदल्यात सरखेलपद कायम झालं, दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली, आणि सिद्दीविरुद्ध मदत मिळाली. ती मदत नुसती कागदावर राहिली नाही. सिद्दीला आंगऱ्यांची ठाणी सोडावी लागली. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच. शब्द देणारे पुष्कळ असतात. तह झाल्यावर दुसऱ्याच्या कामासाठी आपली फौज घेऊन जाणारे थोडे.

याच रीतीने पुढे दिल्लीचं काम झालं. १७१८ मध्ये सय्यद हुसेन अलीशी करार झाला. १७१९ मध्ये बाळाजीपंत दिल्लीहून स्वराज्य आणि दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. रायगड पडल्यापासून जवळजवळ तीस वर्षं कैदेत असलेल्या येसूबाईही परतल्या. हे फुकट झालं नाही. दिल्लीतल्या दंग्यात आपली शेकडो माणसं मारली गेली, त्यांत नाना फडणवीसांचे आजोबाही होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १७२० मध्ये, बाळाजीपंत सासवडला वारले.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. मन वळवून आणलेला माणूस आपली जहागीर, आपले किल्ले, आपला मान घेऊनच येतो. बाळाजीपंतांनी सरदारांना वसुलाचे वाटे दिले, ते पुढे वंशपरंपरा झाले, आणि केंद्र सैल पडलं असा आक्षेप अनेक इतिहासकार घेतात. आक्षेप खोटा नाही. पण १७१३ मध्ये बांधायला केंद्र होतं कुठे? आधी माणसं एका गादीखाली आणायची होती, आणि त्यासाठी दुसरं चलन बाळाजीपंतांच्या खिशात नव्हतं.

कान्होजी १७२९ पर्यंत जगले आणि शाहूंशी राखून राहिले. मग पुढची पिढी आली. त्यांचे पुत्र तुळाजी पेशव्यांना जुमानेनात. बाळाजीपंतांचे नातू नानासाहेब यांनी आजोबांची वाट धरली नाही, इंग्रजांना बरोबर घेतलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंगऱ्यांचं आरमार जळालं. किल्ल्यावर निशाण चढलं ते इंग्रजांचं, आणि तो परत मिळवायला पेशव्यांना बाणकोट त्यांच्या हाती राहू द्यावं लागलं.