खेळणारे गेले, देणारे आले
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या व्याजाबद्दल बोललो होतो. आज आम्ही दुकानाबद्दल बोलणार आहोत. किराणा किंवा कापडाच्या दुकानाबद्दल फार सांगायला नको, ते आपण रोज पाहतो. आजचं दुकान आहे भेटवस्तूंचं आणि घर सजवायच्या वस्तूंचं. या वस्तूंवाचून कोणाचं अडत नाही, म्हणून असं दुकान म्हणजे शहरातल्या हौशी बायकांचं काम, असं पुष्कळ जणींना वाटतं. पण आपल्या सिंधुदुर्गात या धंद्याला निदान दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. आणि आपल्या घरांत तर भेट देण्याचे दिवसच ठरलेले आहेत. संक्रांतीचं वाण, लग्नातलं रुखवत, पाचवीचं बाळंतविडं, गौरीचे ओवसे. दारात आलेली बाई रिकाम्या हाताने जात नाही. म्हणजे गिऱ्हाईक पूर्वीपासून होतंच. माल कोणी करायचा, दुकानात कोणी बसायचं आणि नफा कोणाच्या घरी जायचा, एवढाच प्रश्न होता.

हे समजून घ्यायला सावंतवाडीच्या चितार आळीत जाऊ या.

सावंतवाडी ही सावंत-भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी. चितारी मंडळींची मूळ घराणी कारवार आणि गोव्याकडून इथे आली, असं सांगतात. चितारी म्हणजे चित्र काढणारे, रंगकाम करणारे. देवळातलं काम, राजवाड्यातलं काम आणि लग्नाचे पाट-चौरंग रंगवणं हा त्यांचा व्यवसाय. तिसरे खेम सावंत यांची कारकीर्द १७५५ ते १८०३ अशी मोठी झाली. हा राजा कलांचा चाहता होता, त्यामुळे कारागीर इथे टिकले.

या कारागिरांची दोन कामं नावाजली. पहिलं लाकडाचं. पांगाऱ्याचं लाकूड वजनाला हलकं आणि कापायला मऊ. त्याचे आंबे, केळी, वांगी अशी फळं-भाज्या कोरायच्या आणि रंगवायच्या. लांबून पाहिलं तर खरीच वाटावीत. त्याशिवाय भातुकली, पाळण्यावरची खेळणी, लाखेने रंगवलेले पाट. दुसरं काम गंजिफाचं. गंजिफा म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ. पानं गोल असतात आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेलं असतं. मोगलांच्या काळात हा खेळ देशात पसरला आणि आपल्याकडे त्याला दशावतारांचं रूप मिळालं. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं, अशी एकशेवीस पानं. एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा.

आता धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ऐका. गंजिफाचे दोन प्रकार होत. दरबारी आणि बाजारी. दरबारी संच बारीक कलाकुसरीचा, किनार काढलेला, महाग. बाजारी संच साधा, थोड्या रेषांचा, सामान्य माणसाला परवडणारा. हात तोच, चित्र तेच, पण घेणाऱ्याचा खिसा पाहून काम कमी-जास्त. आज आपल्याला प्रशिक्षणात सांगतात, की दुकानात वेगवेगळ्या किमतीचा माल ठेवा. चितार आळीला ते फार पूर्वीच कळलेलं होतं.

इंग्रज सरकारचं इंपीरियल गॅझेटियर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापलं गेलं. त्यात सावंतवाडी संस्थानातल्या उद्योगांची नोंद आहे. कातड्यावर आणि कापडावर सोन्या-चांदीच्या तारेचं भरतकाम. वाळ्याचे पंखे, टोपल्या आणि पेट्या, त्यांवर सोनेरी तार आणि भुंग्यांचे चमकदार पंख लावलेले. लाखेची खेळणी आणि गंजिफाची पानं. म्हशीच्या आणि गव्याच्या शिंगांपासून कोरलेल्या, दिवाणखान्यात मांडायच्या वस्तू. ही यादी वाचली की एखाद्या भेटवस्तूंच्या दुकानातली मांडणीच डोळ्यांसमोर येते.

आता या यादीतलं आज काय उरलं आहे ते पाहा. लाकडी खेळणी आहेत. गंजिफा आहे. वाळ्याचे ते भुंग्याच्या पंखांचे पंखे आम्हाला चितार आळीत कुठे दिसले नाहीत. गव्याच्या शिंगाचं काम तर आता होऊच शकत नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्याला संरक्षण आहे. काही वस्तू गेल्या आणि काही राहिल्या. राहिल्या त्या का राहिल्या, हे आपल्याला शिकायचं आहे.

गंजिफाही जाण्याच्या मार्गावरच होता. छापील बावन्न पत्त्यांचा जोड स्वस्तात मिळू लागला. हाताने रंगवलेली एकशेवीस पानं कोण घेणार? १९४८ साली संस्थान भारतात विलीन झालं आणि राजाश्रयही पहिल्यासारखा राहिला नाही. मग प्लास्टिकची खेळणी आली. गंजिफा खेळायला येणारी माणसं म्हातारी झाली. खेळणारे गेले, की खेळाची पानं करणाऱ्याचा हातही थांबतो. १९७० च्या सुमारास गंजिफा करणारे जाणते हात बोटांवर मोजण्याइतके राहिले होते.

तेव्हा राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला राजवाड्यात बोलावलं. दोघांनी त्यांच्याकडून हे काम शिकून घेतलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' नावाने कामाची जागा सुरू झाली. राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन बसल्या, शहरातल्या कारागिरांना आणि नव्या मुलांना शिकवून कामाला लावलं. आजही राजवाडा पाहायला गेलं, की दरबार हॉलमध्ये रंगकाम करणारी माणसं दिसतात आणि तिथेच वस्तू विकत मिळतात.

मैत्रिणींनो, राजवाडा म्हटलं की आपल्याला वाटतं, त्यांना काय कमी, त्यांना जमलं. ते खरंच आहे. जागा होती, नाव होतं, ओळखी होत्या. आपल्याकडे यातलं काही नाही. पण त्यांनी जे केलं त्यातल्या तीन गोष्टींना राजवाडा लागत नाही.

पहिली गोष्ट, त्यांनी वस्तूचा उपयोग बदलला. गंजिफा खेळणारे परत येणार नव्हते. म्हणून अवतारांची तीच चित्रं पेटीच्या झाकणावर, ट्रेवर, चौरंगावर आणि खुर्चीवर आली. गंजिफाचा संचही लोक घेऊ लागले, पण तो भिंतीवर लावायला किंवा परदेशी निघालेल्या माणसाला द्यायला. खेळणारे गेले होते, आता देणारे आले. रोजच्या वापरातून गेलेली वस्तू भेट म्हणून जगू शकते. आपल्या आजीची गोधडी, शेवयांचा पाट, बांबूचं सूप, सगळ्यांची हीच गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट, करणारा आणि विकणारा यांच्यात अंतर ठेवलं नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहून काम पाहतं. एका पानाला किती वेळ लागतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलं, की किमतीवरून घासाघीस कमी होते. चितार आळीतही हेच. कातकाम होतं, घरातल्या बाया रंग देतात आणि पुढच्या खोलीत दुकान.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. कारागिराच्या हाताला गिऱ्हाईक नसतानाही काम दिलं. भेटवस्तूंचा धंदा हंगामाचा आहे. डिसेंबर-जानेवारीत पर्यटक आणि संक्रांत, एप्रिल-मे महिन्यांत लग्नं आणि सुट्ट्या, मग गणपती आणि दिवाळी. मधले पावसाळ्याचे महिने कोरडे. पण संक्रांतीला विकायचा माल संक्रांतीला करून चालत नाही, तो आधी तयार करावा लागतो. मंदीत जो माल करून घेतो आणि मजुरी देतो, तोच खरा दुकानदार. हे कोणी केलं नाही, तर कारागीर गवंड्याच्या हाताखाली किंवा गोव्याला कामाला जातो आणि परत कुंचला धरत नाही.

आता आमच्या संघाच्या दुकानाची गोष्ट. आमच्या समूहांनी मिळून बाजारपेठेत एक गाळा भाड्याने घेतला आहे. गोधड्या, कापडी पिशव्या, लाकडी करंडे, कोकम आगळ, काजू असा माल. ऐन पावसात गल्ल्यात दिवसभर काही पडत नाही, असेही दिवस येतात. त्यामुळे बैठकीत दरवर्षी दोन मतं पडतात. काही जणी म्हणतात गाळा सोडूया. काही म्हणतात, गाळा ठेवूया पण मुंबईहून घाऊक प्लास्टिकच्या शोभेच्या वस्तू आणून विकूया, त्या लगेच खपतात.

रागावण्यासारखं यात काही नाही. भाडं तर दर महिन्याला द्यावंच लागतं. म्हणून आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तो तुम्हीही मांडून पाहा. समजा, एक लाकडी करंडा लाकूड, रंग आणि मजुरी धरून दोनशे रुपयांना पडला. असे शंभर करंडे पावसाळ्यात करून ठेवले, तर वीस हजार रुपये अडकले. समूहाचं कर्ज महिन्याला शेकडा एक रुपया दराने असेल, तर सहा महिन्यांत बाराशे रुपये व्याज. म्हणजे एका करंड्यामागे बारा रुपये. भाडं, वीज, खोकं, तुटफूट यांचा वाटा प्रत्येकी चाळीस रुपये धरला, तर करंडा दोनशे बावन्नला पडतो. तो दोनशे नव्वदला विकला तर दुकानाला अडतीस रुपये सुटतात. प्लास्टिकच्या वस्तूवरही कदाचित तेवढेच सुटतील. पण करंड्याच्या दोनशेपैकी मजुरीचे पैसे आपल्याच बायांच्या खात्यात जातात. प्लास्टिकच्या वस्तूची मजुरी कोणाकडे जाते ते आपल्याला माहीतही नसतं. सुटलेला पैसा एवढाच बघितला तर दोन्ही वस्तू सारख्या दिसतात. मजुरी कुठे गेली ते बघितलं, की फरक कळतो.

हा हिशेब बघून संघाने ठरवलं, की गाळा ठेवायचा. पावसाळ्यात तो निम्मे दिवस उघडायचा आणि उरलेले दिवस आतच शिवण आणि रंगकाम करायचं. त्या महिन्यांच्या मजुरीसाठी दिवाळीच्या नफ्यातून वेगळी रक्कम बाजूला काढायची. बाहेरचा माल ठेवायचा झाला, तर दुसऱ्या तालुक्यांतल्या समूहांचा ठेवायचा. प्लास्टिक नाही. सगळ्या जणींना हे पटलं असं आम्ही म्हणणार नाही. एक वर्ष करून पाहायचं, असं ठरलं आहे.

गिऱ्हाईक कुठून येतं, याकडेही लक्ष हवं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. पण सावंतवाडीचं स्टेशन शहरापासून काही किलोमीटर लांब आहे आणि गोव्याचा मोठा रस्ता आता झारापहून पत्रादेवीकडे शहराला वळसा घालून जातो. पूर्वी गाडी गावातून जायची, माणसं चहाला उतरायची आणि जाता जाता लाकडी फळं घ्यायची. आता ठरवून यावं लागतं. मुद्दाम वाकडी वाट करून येणारं गिऱ्हाईक कुठेही मिळणारी वस्तू घ्यायला कशाला येईल? प्लास्टिकची फुलदाणी त्याच्या घराच्या कोपऱ्यावर मिळते.

अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्यामुळे दुसरीकडच्या मालावर सावंतवाडीचं नाव लावणाऱ्याला कायद्याने अडवता येतं. हे चांगलंच झालं. पण मानांकनाचा कागद दुकानात बसून विक्री करत नाही. ते कोणीतरी रोज शटर उघडून करावं लागतं.

तर तायांनो, तुमच्या समूहाच्या पुढच्या बैठकीत वीस मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गावात पूर्वी काय बनत होतं, त्याची यादी जुन्या जाणत्या बायांना विचारून करा. त्यातलं करणारं कोण हयात आहे, ते लिहा. त्या हातांना पावसाळ्यातले चार महिने काम द्यायला किती पैसे लागतील, त्याचा आकडा मांडा. आणि येत्या संक्रांतीला वाण घेताना एकदा वस्तू उलटी करून बघा, ती कोणी केली आहे. ते कळत नसेल, तर त्या वाणाची जागा आपल्या समूहाच्या वस्तूसाठी मोकळी आहे, असं समजा.