दिल्लीच्या मास्तरांचे बीजगणित

कुंपणाची तार ठराविक आहे, तेवढ्याच तारेत जास्तीत जास्त जमीन कशी घेरता येईल? पत्र्याचा तुकडा एकच आहे, त्यातून जास्तीत जास्त धान्य मावेल असा डबा कसा करता येईल? शेतकऱ्याला, पत्र्याचे डबे करणाऱ्या कारागिराला, महिन्याचा खर्च भागवणाऱ्या गृहिणीला असे प्रश्न नवे नाहीत. आहे तेवढ्यातच जास्तीत जास्त साधायचे, हा तर आपल्या संसाराचाच नियम. गणितात यांना महत्तम आणि लघुतमाचे प्रश्न म्हणतात. ते सोडवायची हमरस्त्यासारखी वाट म्हणजे कलनशास्त्र, त्यातही विकलन.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गणित शिकवण्याचा अधिकार माझा नाही. पण या गणिताच्या इतिहासात दिल्लीच्या एका मास्तरांची हकिकत आहे आणि ती जितकी गणिताची तितकीच भाषेची आहे. म्हणून ती आज सांगावीशी वाटते.

आधी तो पत्र्याचा डबा घेऊ. 12 इंच लांबी-रुंदीचा चौकोनी पत्रा आहे. चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापायचे आणि कडा उभ्या करून वरून उघडा डबा करायचा. 1 इंचाचे चौकोन कापले तर डब्यात 100 घनइंच मावते. 3 इंचांचे कापले तर 108. 2 इंचांचे कापले तर 128. म्हणजे उत्तर 2 च्या आसपास आहे, हे करून पाहिल्यावर कळते. पण नेमके 2 च कशावरून? सव्वादोन का नाही? इथे विकलन कामाला येते. डोंगर चढताना प्रत्येक पाऊल वर पडते, उतरताना खाली. अगदी माथ्यावर मात्र क्षणभर ना चढ असतो ना उतार. कापाचे माप जरासे बदलले तर डब्याचे माप किती वेगाने बदलते ते काढायचे आणि तो वेग शून्य कुठे होतो ते पाहायचे. या प्रश्नात तो बरोबर 2 वर शून्य होतो.

हा विचार एकाच दिवशी, एकाच डोक्यातून निघालेला नाही. आपल्या भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला. ग्रहाला द्यायची दुरुस्ती जिथे सर्वांत मोठी होते, तिथे त्या दुरुस्तीची वाढ शून्य असते, हे त्यांनी ओळखले होते. त्याच बाराव्या शतकात तूस गावचे शरफुद्दीन तूसी दमास्कस, अलेप्पो, मोसुल या शहरांत गणित शिकवत होते. एका संख्येचे दोन भाग करा, एकाचा वर्ग घ्या आणि त्याला दुसऱ्याने गुणा. हा गुणाकार जास्तीत जास्त केव्हा होईल? तूसींचे उत्तर असे, की पहिला भाग मूळ संख्येच्या दोन तृतीयांश असेल तेव्हा. 12 चे 8 आणि 4 असे भाग केले तर 256 येतात. 7 आणि 5 केले तर 245, 9 आणि 3 केले तर 243. बघा पडताळून.

युरोपात केप्लरने 1613 साली आपल्या दुसऱ्या लग्नासाठी दारूची पिंपे घेतली. विकणारा तोंडातून तिरकी काठी घालून पिंपाचे माप काढतो हे पाहून तो विचारात पडला आणि 1615 साली त्याने पिंपांच्या मापावर पुस्तकच लिहिले. महत्तमाच्या जवळपास बदल जाणवेनासा होतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. त्यानंतर फर्माने महत्तम-लघुतम काढण्याची रीत दिली, न्यूटनने आपल्या परीने कलनशास्त्र उभे केले आणि 1684 साली लायब्निझचा निबंध छापून आला. त्या निबंधाच्या नावातच महत्तम आणि लघुतम हे शब्द आहेत.

आता दिल्लीकडे येऊ. रामचंद्र यांचा जन्म 1821 साली पानिपतचा. वडील लहानपणीच वारले. शिक्षण मध्येच सोडून काही काळ कारकुनी करावी लागली. पुढे ते दिल्ली कॉलेजात पुन्हा शिकायला आले आणि 1844 साली तिथेच शिक्षक झाले. त्या कॉलेजच्या प्राच्य शाखेत पाश्चात्त्य शास्त्रे उर्दूतून शिकवली जात. रामचंद्र उर्दूतून शिकवत, उर्दूतून पुस्तके लिहीत आणि ‘फवाइद-उन-नाझिरीन’ नावाचे उर्दू नियतकालिकही चालवत. पुढे नावारूपाला आलेले मौलवी झकाउल्ला त्यांचेच विद्यार्थी.

मास्तरांपुढचा पेच असा होता. मुलांना बीजगणित समजे. ते त्यांच्या परंपरेतले होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा फारसी अनुवाद फैझीने 1587 साली केला होता आणि ‘बीजगणिता’चा अताउल्ला रुश्दीने शाहजहानच्या काळात. पण कलनशास्त्र परके होते. मग महत्तम-लघुतमाचे प्रश्न कलनशास्त्राला हात न लावता, फक्त बीजगणिताने सोडवता येतील का?

त्यांनी काढलेली वाट मुळात सोपी आहे. 10 चे दोन भाग करा. त्यांचा गुणाकार 24 हवा असेल तर एक भाग 4 किंवा 6, अशी दोन उत्तरे मिळतात. 25 हवा असेल तर ती दोन्ही उत्तरे एकमेकांजवळ सरकत 5 वर येऊन एक होतात. 26 हवा म्हणाल तर उत्तरात ऋण संख्येचे वर्गमूळ येते, म्हणजे तसे भागच नाहीत. तेव्हा 25 हीच शेवटची हद्द. वर्गसमीकरण येणाऱ्या शाळकरी मुलालाही हे पटते. डब्यासारख्या प्रश्नात घनसमीकरण येते, तिथे कष्ट वाढतात. पण मास्तरांनी तिथेही वाट काढली आणि असे पुष्कळ प्रश्न सोडवून दाखवले.

1850 साली त्यांनी हे इंग्रजी पुस्तक पदरच्या पैशाने कलकत्त्यात छापून घेतले. तिथे त्याचे कौतुक झाले नाही, उलट टीकाच झाली. कलनशास्त्र असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला, असे कोणालाही वाटणे साहजिक होते. पण बेथून साहेबांनी एक प्रत लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन या नामवंत गणितज्ञाकडे पाठवली. डी मॉर्गनचा जन्म आपल्याकडच्या मदुराईचा. पुस्तकात त्याला केवळ चतुराई दिसली नाही. बाहेरून आणलेले ज्ञान पाठ करण्यापेक्षा इथल्या माणसाने आपल्या परंपरेतल्या हत्यारांनी स्वतंत्र विचार केला, हे त्याला मोलाचे वाटले. कंपनीच्या संचालकांना त्याने ते पटवून दिले. मास्तरांना खिलत आणि 2000 रुपये मिळाले आणि पुस्तक लंडनहून पुन्हा छापायचे ठरले.

मध्ये 1857 साल आले. मास्तरांनी 1852 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. 11 मे रोजी दिल्लीत उठाव झाला. त्यात कॉलेजचे प्राचार्य टेलर मारले गेले, मास्तरांबरोबर धर्मांतर केलेले डॉक्टर चिमनलाल मारले गेले, कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले. मास्तर जीव वाचवून निसटले. पुढे रुरकीच्या अभियांत्रिकी कॉलेजात आणि पुन्हा दिल्लीच्या शाळेत त्यांनी शिकवले. पुस्तकाची लंडन आवृत्ती 1859 साली निघाली, कंपनीच्या आदेशाने. पण तोवर हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडे राहिलाच नव्हता. 1880 साली मास्तर वारले.

त्यांच्या रीतीने गणिताची दिशा बदलली का? नाही. विकलन अधिक सोपे आहे आणि मास्तरांची रीत जिथे पोहोचत नाही तिथेही ते पोहोचते. आज पूल बांधणारा अभियंता असो की मालमोटारींचे मार्ग आखणारा व्यवस्थापक, रामचंद्रांची रीत कोणी वापरत नाही. पण मुलाला आधी काय येते ते पाहावे, त्याच्या भाषेत काय आहे ते चाचपावे आणि तिथूनच नव्याकडे पायवाट काढावी, ही त्यांची शिकवण्याची दृष्टी मला जुनी झालेली वाटत नाही.

त्याच शतकात आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी या गणितासाठी मराठीत ‘शून्यलब्धी’ हा शब्द वापरला. जिथे वाढ शून्य होते तिथेच सर्वांत मोठी लब्धी असते, असा अर्थ माझ्यासारख्या कवितेच्या माणसाला त्यात सापडतो. हा शब्द आता मागे पडला आहे. एक मास्तर दिल्लीत उर्दूतून, दुसरे मुंबईत मराठीतून, अवघड ज्ञान आपल्या मुलांच्या जिभेवर यावे म्हणून झटत होते. आज आपली मुले मार्कांसाठी विकलनाची सूत्रे घोकतात तेव्हा एखाद्या शिक्षकाने एक पत्रा, एक कात्री आणि मूठभर धान्य घेऊन वर्गात यावे. प्रश्न मुलांच्या भाषेत विचारावा आणि थोडे थांबावे. मुले त्या 2 इंचांपर्यंत आपली आपण पोहोचतील.