गाळलेल्या जागा भरा

शाळेत हा प्रश्न हमखास मार्कांचा. कोर्टात मात्र गाळलेली जागा भरायची म्हणजे दोघांनी जे लिहिलंच नाही ते न्यायाधीशाने लिहायचं. कुठल्या अधिकारात?

१८८७ साली 'मूरकॉक' नावाचं जहाज लंडनमध्ये थेम्सवरच्या एका जेटीला लागलं. ओहोटी आली की जहाज तळावर टेकणार, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होतं. टेकलं ते नेमकं टणक उंचवट्यावर, आणि खिळखिळं झालं. जेटीवाले म्हणाले, नदीचा तळ आमचा नाही, आणि करारात हमी कुठाय? नव्हतीच! १८८९ मध्ये लॉर्ड जस्टिस बोवेन यांनी जागा भरली, पण बेताने. तळ सुरक्षित असल्याची हमी नाही. तो ठीक आहे का हे वाजवी काळजी घेऊन बघायचं, नसेल तर जहाजवाल्याला सांगायचं. व्यवहार चालण्यापुरतं, बस्स. मला हा कंजूषपणा फार आवडतो.

पण जागा कायद्यातच गाळलेली असेल तर? राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या एका साथिनीने बालविवाह रोखायचा प्रयत्न केला. १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर वेगळा कायदा नव्हता. १९९७ च्या 'विशाखा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियमच घालून दिले: तक्रार समिती, अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी स्त्रिया, बाहेरचा सदस्य. इथे कंजूषपणा करून भागलंच नसतं.

हे संसद कायदा करेपर्यंतच, आमच्या भाषेत तात्पुरता पॅच. कायदा आला २०१३ मध्ये. पॅच सोळा वर्षं प्रॉडक्शनमध्ये!