हॅलोंच्या शिरगणतीची कुळकथा

दीर्घिका जन्मतात आणि वाढतात त्या कृष्णद्रव्याच्या हॅलोंमध्ये. कोणत्या वस्तुमानाचे हॅलो किती, या हिशेबाचे मूळ १९७४ सालचे. विल्यम प्रेस आणि पॉल शेक्टर यांनी मांडले, की आरंभीच्या विश्वात घनतेचे चढउतार होते. त्यांतला जो भाग ठरावीक उंबरठा ओलांडतो, तो स्वतःच्या गुरुत्वाने कोसळून एकवटतो; तोच हॅलो. या हिशेबात विश्वातला निम्माच पदार्थ बसेना, तेव्हा त्यांनी उत्तराला सरळ दोनने गुणले!

ही शिरगणती साऱ्या विश्वाची सरासरी सांगे, गावाचे नाव विचारत नसे. पण दीर्घिकांचे गुच्छ एकमेकांजवळ फारच गर्दी करतात, असे दिसू लागले. १९८४मध्ये निक कायझर यांनी त्याचे कारण दिले. समुद्रसपाटीपासून हजार मीटर गाठायला कोकणातल्या डोंगराला जवळजवळ सगळी उंची स्वतःची लागते. घाटमाथ्यावरच्या टेकडीचे चारशे मीटरमध्येही भागते. तसेच, मुळात दाट असलेल्या विस्तीर्ण प्रदेशात उंबरठा ओलांडणे सोपे. म्हणून जड हॅलो तिथे जास्त, पोकळ्यांमध्ये विरळ.

१९९१मध्ये बाँड, कोल, एफस्टाथिऊ आणि कायझर यांनी दोन्ही धागे जोडले. मोठ्या प्रमाणापासून लहानाकडे येताना घनता कशी डळमळते, हे त्यांनी यदृच्छ, म्हणजे पावलागणिक दैवाधीन, चालीने मोजले. लहान प्रमाणावर विरळ, पण मोठ्या ढिगाऱ्यात सामावलेले भाग आधीच्या मोजणीतून निसटत होते. ते धरल्यावर ‘दोन’चा हिशेब लागला. शिवाय चाल कुठून सुरू करायची ते परिसर ठरवू लागला. १९९६मध्ये मो आणि व्हाइट यांनी त्यावरून गर्दीचे सूत्र काढले.

तरी वस्तुमान सारखे असले की परिसराने फरक पडू नये, अशी समजूत उरली होती. २००५मध्ये गाओ, स्प्रिंगेल आणि व्हाइट यांनी सुमारे १,००० कोटी कणांच्या ‘मिलेनियम’ संगणकीय विश्वात ती मोडली: हलक्या हॅलोंपैकी लवकर घडलेले अधिक गर्दीत सापडले. २०१८मध्ये पुण्याच्या ‘आयुका’तील असीम परांजपे यांनी ऑलिव्हर हान आणि रवी शेठ यांच्यासह दाखवले, की यामागचा दुवा भोवतालच्या भरतीबलात आहे. भोवतालचे गुरुत्व हॅलोला सगळीकडून सारखे ओढते, की पदार्थाच्या लांबट धाग्यात अडकलेल्या हॅलोला एका दिशेने अधिक ताणते, हे पाहावे लागते. हॅलोचा परिसर सांगायला आता नुसती घनता पुरत नाही.