पाते फिरंगी, मूठ देशी

२०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या सोदबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीला निघाली. ती नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा पाया घालणाऱ्या पहिल्या रघुजी भोसल्यांची होती. महाराष्ट्र शासनाने ती एका मध्यस्थामार्फत सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला पोचली. वर्तमानपत्रांत मिरवणुकीची छायाचित्रे आली, आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असतील. पण त्या पात्यावर सोन्याच्या अक्षरांत काय कोरले आहे, हे किती जणांनी नीट वाचले? तिथे रघुजींचे नाव आहे, शाहू महाराजांनी दिलेला सेनासाहेबसुभा हा किताब आहे आणि शेवटचा शब्द आहे ‘फिरंग’.

फिरंग म्हणजे युरोपातून आलेल्या पात्याची तलवार. बंगालपर्यंत घोडी नेणारा आणि १७५१ साली ओरिसा ताब्यात घेणारा मराठा सरदार आपल्या नावाच्या ओळीतच शस्त्राचा परकेपणा लिहून ठेवतो. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटतो तो आपल्याला. म्हणूनच ऐतिहासिक तलवारींविषयी बोलताना आपण पाते परदेशी होते हे वाक्य हळूच गिळून टाकतो.

मग त्या तलवारीत मराठी काय? माझे उत्तर साधे आहे: मूठ. रघुजींच्या तलवारीची मूठ मुल्हेरी घाटाची आहे. नाशिक जिल्ह्याच्या बागलाणातला मुल्हेर किल्ला आपण जाणता, हे नाव त्याच्यावरूनच आले. लोखंडी मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी आणि हातात घट्ट बसावी म्हणून पकडीवर हिरव्या लोकरी धाग्याचे वेष्टण. पाते हा व्यापाराचा माल होता. मूठ मात्र हाताच्या मापाची, लढण्याच्या रीतीची आणि मालकाच्या ऐपतीची, त्यामुळे ती इथेच घडली पाहिजे.

युरोपी पाती पोर्तुगीजांच्या आणि पुढे इतर कंपन्यांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत. जर्मनीतील सोलिंगेन हे पात्यांचे मोठे केंद्र. ही पाती सरळ, लांब आणि लवचीक असत. आपल्याकडचे दक्षिणी पोलाद जगात नावाजलेले होते. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून ते इराणी व्यापारी विकत नेत, दमास्कसच्या नावाने गाजलेली जौहरदार पाती अशाच पोलादाची. ते धारेला कठीण, पण वाकायला नाखूष. घोड्यावरून दौडत वार करणाऱ्याला वाकून पुन्हा सरळ होणारे पाते हवे असे. फिरंगेला मागणी होती ती यामुळे. मराठ्यांची लांब सरळ धोप आणि दांडपट्टा यांतही अशी पाती सर्रास दिसतात.

पाते आणि मूठ यांची सांधणी कशी होई, हे समजले की आपल्या घरातील तलवारीकडे पाहण्याची नजर बदलते. पात्याचा मागचा निमुळता भाग मुठीच्या पोकळीत शिरतो. पोकळीत लाख किंवा राळ आणि विटेची पूड यांचे मिश्रण भरलेले असते. पात्याचे ते शेपूट तापवून आत दाबायचे, मिश्रण वितळते, पाते सरळ धरून थंड होऊ द्यायचे, की झाले. बहुतेक वक्र तलवारींत खिळा नाही, पेच नाही. सरळ खांड्याला आणि फिरंगेला मुठीपासून पात्यावर उतरणाऱ्या दोन पट्ट्या रिव्हेट मारून बसवत, कारण तिथे ताण जास्त. लाखेची सांधणी ऊब दिली की सुटते. म्हणून एका पात्याने आयुष्यात दोन-तीन मुठी बदलणे मुळीच नवल नाही. बापाची मूठ झिजली, मुलाने नवी चढवली. थोडक्यात, तलवारीला एक वय नसते. पात्याचे वेगळे, मुठीचे वेगळे, म्यानाचे तर त्याहून वेगळे.

(मुठीत हात मावत नाही म्हणून पूर्वीची माणसे लहानखुरी होती, असे संग्रहालयात हमखास कुणीतरी म्हणते. पकड मुद्दाम तोकडी ठेवलेली आहे. वरची कटोरी मनगटाला टेकते, मनगट फिरू देत नाही आणि वार खांद्यातून, ओढून होतो.)

आता पितळेकडे येऊ. लढाऊ तलवारीची मूठ प्रायः लोखंडाची किंवा पोलादाची. बोटांचे रक्षण करणारी वळणदार परज पितळेची केली तर एका जोरदार आघातात वाकते. पितळ येते ते दुसऱ्या वाटांनी. एक वाट म्यानाची. लाकडाच्या दोन फळ्या, त्यांवर चामडे किंवा मखमल, तोंडाशी मोहनाळ आणि टोकाला तहनाळ. या दोन टोप्या पितळेच्या किंवा चांदीच्या, जाळीदार नक्षीच्या. दुसरी वाट दक्षिणेची. विजयनगरच्या परंपरेत ओतीव मुठींवर याळी येतो, मोर येतो, पोपट येतो. आपल्या मराठ्यांचे तंजावर याच परंपरेत बसले आणि तिथल्या राजवाड्याचे शस्त्रागार नामांकित झाले. १८५५ मध्ये तिथले शेवटचे शिवाजीराजे वारले आणि संस्थान खालसा झाले. पुढच्या दशकात इंग्रजांनी ते शस्त्रागार मोडले. निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयात गेल्या, उरलेले बरेचसे मोडीत. ज्या हातांनी ते ओतले त्यांची नावे कुठे नोंदलेलीच नव्हती, त्यामुळे मोडीबरोबर तीही गेली असे म्हणायलाही जागा नाही.

ओतकामाची रीत मात्र लिहून ठेवलेली आहे, आणि तीही आपल्या जवळच्या माणसाने. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी गीतांमुळे ठाऊक आहे. त्यातच मेणाचा साचा करून धातूची मूर्ती ओतण्याचा विधी दिला आहे. मेण तोलायचे, आणि तांबे-पितळ असेल तर त्याच्या आठपट, चांदी असेल तर बारापट, सोने असेल तर सोळापट धातू घ्यायचा. आजच्या विशिष्ट गुरुत्वाच्या हिशेबाने पितळेचा आकडा नऊच्या आसपास येतो. नऊशे वर्षांपूर्वीच्या तराजूला एवढे जवळ येता आले, हे मला कोणत्याही लढाईच्या वर्णनाहून अधिक थरारक वाटते.

याच रीतीने तीर्थंकरांच्या धातुप्रतिमाही घडल्या. अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनी येथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या जुन्या नागपूरकरांच्या अजबबंगल्यात आहेत. त्याच इमारतीत शस्त्रांचेही दालन आहे. माझ्यासारख्या जैनाला या शेजारावर काय म्हणावे ते पटकन सुचत नाही. मेण दोघांनाही तेच, माती तीच, भट्टी तीच. काय घडवायचे हे कारागिराने नव्हे, काम सांगणाऱ्याने ठरवले.

ही रीत जिवंत पाहायची तर भोपाळकरांना फार लांब जावे लागत नाही. बैतूल जिल्ह्यात टिगरिया गावी भरेवा कारागीर आहेत. गोंड समाजातीलच हे लोक. भरेवा म्हणजे भरणारे, साच्यात धातू भरणारे. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बैतूल १८१८ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात होते आणि मुलताईकडे आजही घराघरांत मराठी ऐकू येते. भरेवा दिवे, घंटा, मोर, देवमूर्ती ओततात, आणि गोंडांच्या लग्नविधीला लागणारी अंगठी व कट्यारही.

काम असे चालते. मातीचा गाभा करून वाळवायचा. मेणात राळ मिसळून, मऊ करून त्याचे दोरे ओढायचे आणि ते गाभ्यावर शेजारीशेजारी बसवत जायचे; पानाची शीर, मोराचा तुरा, दोरखंडासारखी कड, सगळी नक्षी या मेणातच होते. वर गाळलेल्या बारीक मातीचा पातळ थर द्यायचा. नक्षी उतरते ती या थरावर, म्हणून इथे घाई चालत नाही. मग भुसा-शेण मिसळलेल्या जाड मातीचे लेप. धातू आत यायला तोंड ठेवलेले असते. तापवले की मेण निघून जाते आणि मेणाच्या आकाराची पोकळी राहते. तीत पितळेचा रस. थंड झाल्यावर साचा फोडायचा. एका साच्यातून एकच वस्तू. हुबेहूब दुसरी मिळायची नाही. बुडबुडा अडकला किंवा साच्यात ओल राहिली तर आठवडाभराचे काम फुकट, आणि ओल जास्त असेल तर वाफेने उसळलेला रस अंगावर.

पितळ हा तसा अवघड सोबती आहे. तांबे वितळते १,०८५ अंशांना आणि त्यात मिसळलेले जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होते. म्हणजे मुशीतून जस्त सतत निसटत असते. शुद्ध जस्त मिळवणे याच कारणाने जगाला शतकानुशतके जमले नव्हते. राजस्थानात जावरच्या खाणींवर मात्र ऊर्ध्वपातनाच्या भट्ट्यांनी ते मध्ययुगातच साधले. निसटलेल्या जस्ताचा पांढरा धूर ओतणाऱ्याच्या छातीत जातो. संध्याकाळी तोंडाला धातूची चव, मग हुडहुडी, ताप, अंगदुखी. दुसऱ्या दिवशी माणूस खडखडीत. हिवताप समजून क्विनाइन घेतलेले असे रुग्ण वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत भेटतात. रोज धूर घेणाऱ्याला शरीर सरावते, सुटीनंतर पहिल्या दिवशी पुन्हा ताप येतो, म्हणून युरोपात त्याला सोमवारचा ताप म्हणत. आपल्या मुठीवरच्या मोराची किंमत कुणी आणि कशी मोजली, याचा हा एक हिशेब.

आता थोडे आपल्या घरांविषयी. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावांनी निजामाला याच भोपाळच्या किल्ल्याशी कोंडले, रसद तोडली आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह झाला. नर्मदा आणि चंबळ यांच्यामधला मुलूख मान्य झाला, पन्नास लाखांचा खर्चही कबूल झाला. हे इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. पण म्हणून भोपाळातल्या मराठी घरातील प्रत्येक तलवार त्या वेढ्यातली ठरत नाही. आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे १ नोव्हेंबर १९५६ नंतर, राजधानी इथे आली तेव्हा ग्वाल्हेर, इंदूर, नागपूरहून सरकारी ट्रंकांसह आली; तलवार आली असेल तर त्या सामानात आली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना आला, शिकलगारांची भट्टी विळे-चाकूंवर येऊन ठेपली, आणि तलवार उरली ती दरबारात, वरातीत आणि खंडेनवमीला. जिच्या मुठीवर ओतीव पितळेची भरघोस फुले आहेत ती तलवार माझ्या मते बहुधा या दुसऱ्या आयुष्यातली. आजोबांच्या आजोबांनी ती पानिपतावर चालवली असे सांगितले जात असेल तर सांगणाऱ्याचा मान राखावा, पण मुलांना मूठ उलटी करून दाखवावी.

काय दाखवावे? मुठीच्या दोन्ही कडांवरून नख फिरवा. बरोबर मध्यातून जाणारी बारीक रेघ लागली तर मूठ दोन अर्ध्या साच्यांत ओतलेली, म्हणजे पुष्कळ प्रतींपैकी एक. रेघ नाही, डावे फूल उजव्याहून किंचित जाड आहे, आतल्या कोपऱ्यात मेणाच्या दोऱ्याचा सांधा दिसतो, तर ती एकुलती एक, मेणाची. (नुसती रेघ नाही एवढ्यावर निकाल देऊ नका, कानशीने ती घालवता येते.) मग पात्याकडे वळा. मुठीजवळ खोल ठसे, अर्धचंद्र, पुसट रोमन अक्षरे किंवा धावत्या लांडग्यासारखी खूण असेल तर पाते फिरंगी असू शकते. मात्र अशा खुणांची नक्कल आपल्याकडेही होत असे, कारण गिऱ्हाईक ती खूण पाहूनच पैसे मोजे.

आणि एक विनंती, दसऱ्याच्या आधीच करतो. मूठ चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासू नका, आणि पॉलिशवाल्याकडे तर देऊच नका. त्याचे चाक पहिल्यांदा नक्षीची कड खाते. मूठ सैल झाली असेल तर आत आधुनिक चिकट पदार्थ ओतू नका. लाख ऊब देऊन सुटते, तो पदार्थ सुटत नाही. पूजेत हळदकुंकवाचे पाणी पाते आणि पितळ जिथे भेटतात त्या फटीत उतरते. ओलाव्यात लोखंड पितळेला टेकलेले असले की गंज लोखंडालाच आधी खातो, आणि तो आत, न दिसणाऱ्या जागी खातो. आरती झाली की त्याच दिवशी कोरड्या सुती फडक्याने ती फट टिपावी, पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवावा, आणि तलवार म्यानात न ठेवता शेजारी ठेवावी. जुन्या म्यानाचे लाकूड आणि चामडे पावसाळ्याची ओल दिवाळीपर्यंत धरून ठेवते.